जालन्याच्या दादांनी दिलेल्या दोन स्टारवर माझं उत्तर
दादा नमस्कार, तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने तीन आठवडे बंदूक ठेवून घेतली, ८०० रुपये घेतले आणि असईच्या लढाईतली आहे असं लिहूनही दिलं नाही. उशीर झाला हे खरंय, आठ दिवसात फोन करतो म्हणालो अन् केला नाही, त्याची माफी मागायलो. पण लिहून का दिलं नाही ते घाईत नीट सांगणं झालं नाही म्हणून इथं सांगतो.

आधी गज घालून नळी मोजली, आत जुना बार, म्हणजे दारू-गोळी, राहिलेला असू शकतो, त्याशिवाय असल्या बंदुकीला हात लावायचा नसतो. नळी रिकामी होती. मग लॉक, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा, खोललं तर त्यावर मागच्या पायावर उभा सिंह. तो ईस्ट इंडिया कंपनीचाच शिक्का आहे, पण हा सिंह साधारण १८०८ पासून यायला लागला, त्याच्या आधी बदामाच्या आकाराचा शिक्का असायचा. आणि असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ ला. मग हे लॉक तिथं कसं असेल सांगा.

नळीचं तर वेगळंच आहे. कानाच्या, म्हणजे जाळ आत जातो त्या भोकाच्या बाजूला रंजकाची, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूची, वाटी कानशीने घासून काढल्याची खूण तुम्हाला दाखवली होती बघा. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीत ही वाटी लॉकवर असते, आपल्याकडच्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या बंदुकीत नळीलाच. म्हणजे नळी तोड्याच्या बंदुकीची, लॉक कंपनीचं, आणि कुण्या कारागिराने दोन्ही एका लाकडी दस्त्यात बसवलेत, तेही इतकं चांगलं की मला खरंच त्या माणसाचं कौतुक वाटलं. नळी लॉकपेक्षा जुनी असू शकते पण तिच्यावर एक अक्षर नाही, मग गाव अन् साल मी मनाने कसं टाकू? उद्या तुमची पोरं तोच कागद खरा धरतील.

पॉलिश करून दिलं नाही अशी पण तक्रार आहे. दादा, घरी कुणीतरी आधीच पॉलिश पेपर मारलाय, सिंहाचं तोंड त्यातच गेलं, अजून बफिंग केलं असतं तर उरलेला सिंह पण गेला असता. थोडं तेल लावून मऊ कापडाने पुसत जा, बास.

वाड्यात जुने कागद असतील तर घेऊन या, मोडीतले असो का उर्दूतले, वाचणारे माझ्या ओळखीचे आहेत. त्याचे पैसे घेणार नाही.