पाण्याचा दिवस कोणता?

सोलापूरचा मुलगा एकदा पुण्याला नोकरीला गेला की परत येत नाही. या एका शिरस्त्यावर विसंबून मी सात वर्षं त्याच घरात साडेपाच हजार भाड्यात निर्धास्त राहत होतो. हुतात्मा एक्स्प्रेस रोज सकाळी इथली पोरं भरून नेते, रात्री आणते ती फक्त त्यांचे धुवायचे कपडे. पण आमच्या मालकांचा मुलगा कपड्यांसकट परतला. घरून काम करतो म्हणे. मालकांनी चहा पाजून सांगितलं, "सर, दोन महिन्यात बगा तेवढं."

मी बघायला लागलो. आठ हजाराच्या आत, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आम्ही दोघं, आई, दोन मुलं. ऑफिस सात रस्त्याजवळ. बदलापूरहून रोज लोकलला लोंबकळत मुंबई गाठणारा माझा मेव्हणा फोनवर म्हणाला, "पंधरा किलोमीटरच्या आत काहीही घे, काय फरक पडतो?" त्याला कसं समजावणार? सोलापुरात घर ऑफिसपासून किती लांब असावं याचं माप किलोमीटरमध्ये नसतं. दुपारी जेवायला घरी येऊन, भाकरी खाऊन, वीस मिनिटं आडवं होऊन परत जाता आलं पाहिजे. एप्रिलमधल्या त्रेचाळीस डिग्रीत, स्कूटरवर. या मापानं बाळे म्हणजे तालुक्याचं गाव, केगाव म्हणजे परजिल्हा आणि कुंभारीला राहणारा माणूस डबा नेतो, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळ्यांना हळहळ वाटते.

भाड्याचं घर बघायला गेलं की आधी घर मालक दाखवतो आणि मग मालक आपल्याला बघतो. नोकरी कुठं, पगार किती, हे झालं. आडनावावरून समाधान झालं नाही की गाव, गावावरून झालं नाही की कुलदैवत. थेट जात विचारणारा एकही मालक मला भेटला नाही. सगळे फार सुसंस्कृत. अंडं खाता का, एवढंच विचारायचे.

पण सोलापुरात या परीक्षेला एक जादा पेपर असतो, पाण्याचा. उजनी धरण भरलं की टीव्हीवर ते शंभर टक्क्यांच्या पुढं गेल्याचं सांगतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो. तिथून शंभरावर किलोमीटर नळातून प्रवास करून ते पाणी आमच्याकडं येतं, ते चार-पाच दिवसांतून एकदा. टाकळीहून भीमेचं येतं, हिप्परग्याच्या तलावाचं येतं, तरीही हिशोब तोच. त्यामुळे इथं आठवड्याचे वार दोन प्रकारचे: कॅलेंडरचे आणि पाण्याचे. 'आज आमच्याकडं पाणी आहे' एवढं म्हटलं की साखरपुडासुद्धा चुकवता येतो आणि कुणी रुसत नाही. चावीवाला नेमका किती वाजता व्हॉल्व्ह फिरवणार, हे ज्याला आधी कळतं तो गल्लीचा पुढारी.

तेव्हा घर बघताना मी भिंतींवर टकटक करायचो, बायको थेट हौदात डोकवायची. 'हवेशीर' वगैरे जाहिरातीतले शब्द ती ऐकतही नसे. "किती लिटरचा? बोअर आहे का? बोअरचं पाणी डाळ शिजवतं का?" शेवटचा प्रश्न अनुभवाचा. जड पाण्यात डाळ शिजत नाही, आणि अशा घरात भांडणं वाढतात ती का, हे कुणाला कळत नाही.

विजापूर रोडच्या एका मालकांनी उलटतपासणी घेतली. "माणसं पाच. वॉशिंग मशीन आहे? ॲटोमॅटिक की सेमी?" सेमी, असं मी अभिमानानं सांगितलं. ॲटोमॅटिक पाणी जास्त पितं, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. "पाहुणे?" क्वचित. "आई आंघोळ किती वेळा करतात?" इथं आई मधे पडली, "एकदाच. पण तुम्हाला काय करायचंय?" ते घर गेलं.

जुळे सोलापुरात एक ब्लॉक फारच आवडला. तिसरा मजला, वर गच्ची, संध्याकाळी साडेसहाची वेळ, झुळूक. भाडं नऊ हजार. बायको म्हणाली, "दुपारी दोनला परत येऊ." आलो. आत शिरताच कळलं की गच्चीचा स्लॅब म्हणजे तवा आणि आपण खालची भाकरी. नळ सोडून हात धरला तर भाजला. मालक म्हणाले, "गीझर लागतच नाही बगा, बिल वाचतं." खरं तर त्या पाण्यात चहाच टाकायचा बाकी होता.

कराराची गोष्ट तर निराळीच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करायला सांगितलंय आणि ती जबाबदारी मालकावर टाकलीय. हे मी एका मालकांना चारचौघांत बोललो. ते पाचशेच्या स्टँपवर नोटरी करायच्या तयारीत होते. पेनाचं टोपण परत लावत म्हणाले, "कायदा वाचलेला भाडेकरू घर सोडत नसतोय." मी पुढच्या घरी कायदा वाचला नसल्याचा चेहरा घेऊन गेलो.

शेवटी पूर्व भाग. साखर पेठेच्या पलीकडं एका बोळात, खाली यंत्रमागाचा कारखाना आणि वर दोन खोल्या. टॉवेल निघत होते. खाली बारा माग, त्यांचा आवाज जमिनीतून पायात, पायातून दातांत. मालक अण्णा आणि मालकीण अक्का. घरात तेलुगु बोलायचे, माझ्याशी मराठी, कारागिरांशी दोन्ही आणि हिशोबाला कन्नडही. बायकोनं हौद पाहिला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. लग्नाच्या आधी मला बघायला आली होती, तेव्हासुद्धा एवढी पसंती तिच्या चेहऱ्यावर नव्हती. जमिनीखाली पंधरा हजार लिटर!

"आवाजाचं काय?" मी ओरडून विचारलं.

"कसला आवाज?" अण्णांनी खरंच विचारलं.

मी आठ हजार सांगितले. अण्णा अक्कांकडं वळून हळूच म्हणाले, "एनिमिदि चालु." अक्का म्हणाल्या, "पदि." आणि मराठीत मला, "दहा."

आता, भाजीवालीशी पंधरा वर्षं घासाघीस केल्यामुळे मला तेलुगुतले आकडे येतात. एनिमिदि म्हणजे आठ हे कळलं. पण पुढचं झोंबलं. मी म्हणालो, "अण्णा, आठला तुम्ही तयार आहात ते समजलं. पण मला चालू कशाला म्हणता?"

क्षणभर फक्त मागच बोलत होते. मग अक्का इतक्या हसल्या की पदर तोंडात धरला. "अवो, चालु म्हणजे बास! आठ बास म्हणले ते."

"मग बास झालं की!"

"तेलुगु येतंय न्हवं तुमाला, मग साडेआठ." तेलुगु येण्याचा हा दंड मला आजही कळलेला नाही, पण भरला.

पहिले आठ दिवस आम्ही खुणांनी बोललो. नंतर सवय झाली, इतकी की लाईट गेली आणि माग थांबले की दचकून जाग यायची. बोळातली सगळीच माणसं अशी. अंधारात सन्नाटा पसरला की एकेक दार उघडतं आणि लोक बाहेर येऊन, झोप मोडल्याबद्दल वीजवाल्यांना शिव्या घालतात. मेव्हणा मुक्कामाला आला तेव्हा पहाटे विचारत होता, "तुम्ही झोपता कधी?" आम्ही म्हटलं, "आवाज सुरू झाला की."

तिसऱ्या आठवड्यात पाण्याच्या दिवशी असेच रात्री दोन वाजता दिवे गेले. आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं. एरवी बोळातल्या वीस मोटारी नळाला जळवांसारख्या चिकटलेल्या असतात, सगळ्यांना करंगळीएवढी धार मिळते. आज एकाचीही मोटर चालेना, म्हणून पाणी आपल्या जोरावर धो धो आलं. हौदाचा नळ ज्या कोपऱ्यात आहे तिथं आई जाऊन बसली होती. तिला झोप कमी, त्यामुळे ते खातं तिच्याकडं. मी आणि मुलं बादल्या घेऊन जिन्यात. बायको वर पिंप भरतेय. अण्णा बनियनवर, हातात बॅटरी, हौदाच्या झाकणाशी वाकलेले.

हौद काठोकाठ आला. मग काठावरून आला. अण्णा ओरडले, "चालु! आजी, चालु!"

आईला सौद्याच्या वेळी आम्ही नेलं नव्हतं. ती अंधारातून ठसक्यात म्हणाली, "चालूच आहे की हो!" आणि उरलेला अर्धा आटाही तिनं उघडला.