आयरा ऑल्ड्रिजची ती दर्दभरी कहाणी बरीचशी खोटी आहे

शेक्सपिअर करणारा एकोणिसाव्या शतकातला काळा नट आयरा ऑल्ड्रिज, त्याच्याबद्दलची एक पोस्ट सध्या सगळीकडे शेअर होतेय. थोडक्यात अशी: अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मला, पळून लंडनला आला, मोठा नट एडमंड कीन ऑथेल्लो (शेक्सपिअरच्या त्याच नावाच्या नाटकातला काळा सेनापती) करता करता स्टेजवरच मेला आणि त्याच रात्री ऑल्ड्रिजने ते नाटक पूर्ण केलं, मग गोऱ्या पेपरवाल्यांनी त्याला संपवलं, परत कधी काम मिळालं नाही, आणि शेवटी परदेशात कुठेतरी बेवारस मेला. वाचून वाईट वाटतं, मान्य आहे. पण यातलं जवळपास काहीच तसं घडलेलं नाही, आणि माझा खरा संताप यावर आहे की या माणसाने चाळीसेक वर्षं जे काम केलं ते या कहाणीत औषधालाही सापडत नाही.

आधी "गुलाम" हे बघू. १८०७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, आईवडील दोघंही स्वतंत्र. तिथल्या आफ्रिकन फ्री स्कूलमध्ये शिकला. गुलामगिरी न्यूयॉर्कमधून पूर्ण गेली ती १८२७ मध्ये, म्हणून गैरसमज होत असेल, पण हा पळालेला गुलाम नव्हे. आणि नाटकाचं वेड त्याला लंडनने नाही लावलं, न्यूयॉर्कमध्ये तेव्हा आफ्रिकन ग्रोव्ह नावाचं काळ्या लोकांचं स्वतःचं थिएटर होतं, जेम्स ह्यूलेट नावाचा नट तिथे शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड राजा करायचा, पोलीस येऊन नटांना उचलून न्यायचे तरी हे लोक शेक्सपिअर करत होते. ऑल्ड्रिज त्या मंडळींमधून आला. अमेरिकेत पुढे काही होणार नाही हे दिसल्यावर १८२४ मध्ये इंग्लंड गाठलं, म्हणजे करिअरसाठी विचार करून घेतलेला निर्णय. तो सेनेगलच्या राजघराण्यातला असल्याचं पण काहीजण कमेंटमध्ये लिहितात, ते त्याच्या स्वतःच्या पब्लिसिटीतून आलंय, तेही खरं नाही.

आता कीनचा प्रसंग. २५ मार्च १८३३ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरमध्ये कीन ऑथेल्लो करत होता, खलनायक इयागो त्याचाच मुलगा चार्ल्स, आणि प्रयोग चालू असताना कीन मुलाच्या अंगावर कोसळला. पण मेला तो १५ मे ला. ऑल्ड्रिज त्या स्टेजवर उभा राहिला १० एप्रिलला, म्हणजे मध्ये दोन आठवडे गेले. त्याच रात्री धावत येऊन बाकीचं नाटक करणं वगैरे सिनेमात शोभेल. शिवाय तो काही नवखा नव्हता, १८२५ मध्येच लंडनमध्ये ऑथेल्लो करून झाला होता आणि १८२८ मध्ये कॉव्हेंट्रीच्या थिएटरचा मॅनेजर होता, वय वीस-एकवीस! ब्रिटनमध्ये थिएटर चालवणारा पहिला काळा माणूस तो. त्याचं काम बघून, भाषणं ऐकून कॉव्हेंट्रीच्या लोकांनी गुलामगिरी बंद करा म्हणून पार्लमेंटला अर्ज पाठवला. पोस्टमध्ये खरं तर हे हवं होतं.

पेपरवाल्यांबद्दल मात्र पोस्ट अर्धी बरोबर आहे. ऑथेल्लोची गोरी बायको डेस्डेमोना करणाऱ्या एलेन ट्रीला काळ्या माणसाने हात लावायचा, यावर अथेनियम या लंडनच्या साप्ताहिकाने आक्षेप घेतला होता, घाणेरडाच प्रकार होता. गुलामगिरी बंद करणारा कायदा पार्लमेंटमध्ये अजून पास व्हायचा होता, त्यामुळे वातावरण तापलेलं, त्यात लंडनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ, आणि दोन प्रयोगांत कॉव्हेंट गार्डनचं काम आटोपलं. पण "परत कधी स्टेज मिळालं नाही"? त्याच महिन्यात तो लंडनच्याच सरे थिएटरमध्ये काम करत होता. नंतर वर्षानुवर्षं आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंडच्या गावोगावी दौरे. लंडनच्या बड्या थिएटरांनी त्याला बरीच वर्षं लांब ठेवलं हे खरं, पण १८५८ मध्ये लायसियम आणि १८६५ मध्ये हेमार्केट. हेमार्केटला डेस्डेमोना केलेल्या मॅज केंडलने पुढे आठवणीत सांगितलंय की तो आपला तळहात उघडून तिचा गोरा हात त्यावर ठेवायला लावायचा, प्रेक्षकांना दोन्ही रंग नीट दिसतील असा, आणि टाळ्या पडायच्या. ज्या गोष्टीवरून १८३३ मध्ये बोंब झाली नेमकी तीच तो उजेडात धरत होता. हे रडण्यासारखं आहे का? मला तर अभिमान वाटतो.

बरं, फक्त ऑथेल्लोच करायचा असंही नाही. शायलॉक, मॅकबेथ, लिअर, तिसरा रिचर्ड, ही गोरी पात्रं चेहरा गोरा रंगवून केली. 'टायटस अँड्रॉनिकस'मधला काळा खलनायक एरन त्याने संहिता बदलून घेऊन चक्क नायक केला.

१८५२ पासून युरोप. ब्रुसेल्स, प्रशिया, हंगेरी, रशिया. हा इंग्रजीत बोलायचा आणि बाकीची मंडळी आपापल्या भाषेत, तरी थिएटर भरायची. प्रशियाच्या राजाने सुवर्णपदक दिलं. "इंग्लंडच्या राणीने सर केलं" असं जे म्हणतात तेही चूक, तो मान १८५८ मध्ये सॅक्स-मायनिंगन या जर्मन संस्थानाने दिला. त्याच वर्षी पीटर्सबर्गमध्ये युक्रेनी कवी तारास शेवचेंकोने त्याचं चित्र काढलं. शेवचेंको जन्माने भूदास, नुकताच हद्दपारीतून सुटलेला, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, मध्ये काउंट टॉलस्टॉयची (चित्रकार फ्योदर टॉलस्टॉय, कादंबरीवाला नव्हे) लहान मुलगी दुभाषी. आणि ऑल्ड्रिज काही एका जागी शांत बसेना, गाणी म्हणायचा.

बेवारस? ७ ऑगस्ट १८६७ ला पोलंडच्या वुज शहरात दौऱ्यावर असताना गेला, तिथेच ऑथेल्लो व्हायचा होता. कबर अजून आहे. मुलगी अमांडा गायिका, संगीतकार आणि शिक्षिका झाली, पुढे गाजलेला काळा अमेरिकन गायक-नट पॉल रोबसन तिच्याकडे शिकला.

आणि पोस्टसोबत जो "दुर्मिळ फोटो" फिरतोय तो फोटो नाहीच, जेम्स नॉर्थकोटने १८२६ मध्ये काढलेलं पेंटिंग आहे, मँचेस्टरच्या आर्ट गॅलरीत आहे. तेव्हा ऑल्ड्रिज एकोणीस वर्षांचा होता.