व्ह्यूज नका सांगू, ओळ सांगा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. वेळ नसेल त्यांनी लाईक ठोकून पुढं जावं, मला चालतंय.

रविवार म्हणून भाचा आला होता, सोबत त्याचे दोन दोस्त. बाहेरच्या खोलीत भजी हाणत बसले होते आणि विषय चालला होता सगळ्यात भारी रॅपर कोण. त्यातला एक जरा अभ्यासू. तो म्हणत होता, लिहिण्यात बघितलं तर अमकाच. दुसऱ्यानं तोंडातला घास गिळला, फोन वर केला, आकडा दाखवला आणि म्हणाला, 'दहा कोटी व्ह्यूज हायत बे. बोल आता.'

आणि अभ्यासू गप्प! मला राग आला तो त्या गप्प बसण्याचा. जणू कोर्टाचा निकालच लागला.

मी आतून म्हटलं, 'आकडा कळला रे, पण तो लिहितो कसा ते सांग की.' तर भाचा हसून म्हणतो, 'मावशी, तू राहू दे. तुमच्या टायमाला रॅप होता का तरी?'

आमच्या टायमाला! बाळा, ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या, तिथपासून हिप-हॉपचं वय मोजतात. म्हणजे हिप-हॉप तुझ्या आईपेक्षा मोठं, आणि तुझी आई माझ्यापेक्षा मोठी. रॅपर एमिनेमला २००३ मध्ये गाण्याचं ऑस्कर मिळालं, रॅपला मिळालेलं पहिलंच, तेव्हा तुझी ही मावशी सोलापूरच्या सात रस्त्याच्या सायबर कॅफेत बसून त्याच्या गाण्यांचे शब्द प्रिंट काढून घ्यायची. घरी येऊन डिक्शनरी उघडायची तर निम्मे शब्द त्यात नसायचेच, आणि जे असायचे ते आईला सांगण्यासारखे नसायचे. पण पेन्सिलीनं यमकं जोडत बसायचे. शेवटच्या शब्दाचं यमक कुणीही जुळवतो हो. हा माणूस ओळीच्या पोटात यमक लपवत होता, पुढच्या ओळीत अर्ध्यावर ते परत काढत होता. पुढं कळलं की ही वाट रकीम नावाच्या रॅपरनं १९८७ च्या आसपासच मोकळी करून ठेवली होती. म्हणजे हे शास्त्र आहे, ह्याला घराणी आहेत, वारसा आहे. आणि तू मला आकडा दाखवतोस?

व्ह्यूजच बघायचे तर मग टूथपेस्टच्या जाहिरातीला महाकाव्य म्हणा आणि मोकळे व्हा.

माझ्या यादीतल्या लोकांना हे सांगायची गरज नाही, आपण सगळे शब्दांवर जीव टाकणारी माणसं. पण मला दरवेळी तो गणपतीतला प्रसंग आठवतो आणि पोटात कालवतं. काहींना तोंडी सांगितलाय, आज लिहूनच टाकते.

पूर्व भागातलं एक मंडळ, नाव नको. सांस्कृतिक कार्यक्रम होता. लहान मुलांचे डान्स झाले, पाककलेचं बक्षीस झालं, मग आमच्या ओळखीचा एक पोरगा स्टेजवर गेला. बाप पॉवरलूमवर, आई विड्या वळते. घरात तेलुगू, बोळात दखनी, शाळेत मराठी, आजोळ अक्कलकोटकडचं म्हणून कानडी. सोलापुरात ह्यात नवल काहीच नाही, चार भाषांत उधारी मागणारं गाव आहे आपलं. पोरानं बीट, म्हणजे मागं वाजणारा ताल, पेनड्राइव्हमध्ये आणलं होतं. ऑपरेटरच्या मशीनला तो पेनड्राइव्ह दिसेना. पोरगं म्हणालं, राहू द्या, बिना बीटचं म्हणतो. काच तडकलेला मोबाईल डाव्या हातात, माईक उजव्या हातात, आणि सुरू केलं.

वीज गेली, लूम थांबला,
पगार लांबला,
डब्यातला भात तेवढा आंबला.

मी खुर्चीत सरळ झाले. पुढं सतरंजीवर विडीवाल्या बायका बसल्या होत्या, त्यातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, 'औनु, औनु!' हो, हो. कीर्तनात देतात तशी दाद दिली बाईनं.

बघा ना काय केलंय त्यानं. थांबला, लांबला, आंबला. तीन यमकं, सरळ, कुठं ओढाताण नाही. पहिल्या दोन गोष्टी कारखान्यातल्या, कुणीही सांगेल. तिसरीला तो एकदम झाकण उघडतो आणि वास येतो. सगळं ठप्प आहे, पुढं सरकतोय तो फक्त भात, आणि तोही नासायच्या दिशेनं. 'गरिबी' हा शब्द नाही, 'संघर्ष' नाही, छाती पिटणं नाही. एवढं जमायला लोकांची हयात जाते.

दुसऱ्या कडव्यात आई विड्या मोजते ते तेलुगूत आणि कारखान्यात विड्या जमा करताना बोलते ते मराठीत, अशी गंमत होती. ती निम्मीच ऐकायला मिळाली. कारण मधेच स्पीकरवर धाडकन एक हिट गाणं लागलं. मागची पोरं उठून नाचायला लागली. पोरगं दोन सेकंद तसंच उभं राहिलं, मग माईकची वायर हाताला नीट गुंडाळून ऑपरेटरला परत देऊन खाली उतरलं. मी तरातरा अध्यक्षांकडं गेले. ते म्हणाले, 'ताई, पब्लिकला काय पायजे ते बघावं लागतंय.'

पब्लिक! सतरंजीवर बसलेली ती म्हातारी पब्लिक नव्हती का हो?

(ऑपरेटरवर माझा राग नाही. त्याला मागून हात दाखवला गेला, त्यानं बटण दाबलं.)

बरं, आता मला लगेच कुणीतरी सांगणार की हिट गाणं करणंही सोपं नसतं. नसतंच. मान्य. ऐकल्यावर तीन दिवस डोक्यातून जात नाही असा हूक, म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणारी ओळ, बांधायला कसब लागतं, आणि त्या रात्री लागलेल्या गाण्यावर मीही लग्नात नाचलेय. झालं समाधान? पुढं.

कारण चिडायचं तर दोन्ही पक्षांवर चिडायला पाहिजे. तो अभ्यासू पोरगा. मी बाहेर येऊन त्याला विचारलं, 'बाळा, तुझ्या त्या आवडत्याची एक ओळ म्हण बघू.' विचारात पडला. म्हणाला, 'ओळ अशी नाही सांगता येणार, त्याचं सगळंच डीप आहे.' डीप आहे! विहीर आहे का? ही दुसरी जमात मला आकडेवाल्यांइतकीच डोक्यात जाते. ह्यांना एमएफ डूम ह्या रॅपरचं नाव घ्यायचं असतं कारण तो मुखवटा घालायचा आणि हिट गाण्यांच्या यादीत दिसायचा नाही. डूमला तोड नाही, २००४ चा 'मॅडव्हिलनी' अल्बम काढून बघा, एकेक ओळ नक्षीकाम आहे. पण तुम्ही त्याला ऐकता ते नक्षीसाठी की बाकीच्यांनी ऐकला नाही म्हणून? गाणं चाललं की रॅपर वाईट झाला, असं ह्यांचं साधं गणित. उद्या माझा तो पोरगा गाजला तर हेच म्हणणार, पूर्वीसारखं राहिलं नाही त्याचं.

रॅपर केंड्रिक लमारचं काय करणार मग? २०१८ ला 'डॅम' ह्या अल्बमसाठी त्याला अमेरिकेतलं मानाचं पुलित्झर मिळालं. संगीताचं ते पारितोषिक त्याआधी शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर कधी गेलंच नव्हतं. विद्वानांनी टिळा लावला. आणि त्याच माणसानं २०२४ ला ड्रेक ह्या दुसऱ्या रॅपरशी भांडण काढलं, एका गाण्यात त्याची अशी काही धुलाई केली की अख्खं स्टेडियम ते गाणं पाठ म्हणतंय. २०२५ ला त्याच गाण्याला पाच ग्रॅमी, आणि सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या मध्यंतरात हाच उभा. ड्रेककडं हिट गाण्यांची कमी होती का? ढीग होता. तरी लोकांनी त्या भांडणात बाजू घेतली ती ओळी ऐकून, थांबवून, परत ऐकून. गल्लीगल्लीतली पोरं शब्दाचा अर्थ लावत बसली होती. मला तर फडातले सवाल-जवाबच आठवले.

उलट बाजूही आहे. रॅपर जे-झीनं २००३ च्या 'ब्लॅक अल्बम'वर स्वतःच सांगून टाकलंय की पैसा वाढावा म्हणून त्यानं लिहिणं मुद्दाम सोपं केलं. आणि हे सांगितलंय तेही झकास ओळीत! मला हा प्रामाणिकपणा आवडतो. खटकतं ते हे की आपल्याकडं सोपं केलेलंच अस्सल म्हणून विकतात, आणि विचारलं की आकडा दाखवतात.

आता कुणी म्हणेल, सोलापूरच्या बाईनं अमेरिकेचं कशाला सांगावं. तर सोलापूरचंच सांगते. राम जोशी कुठला? आपल्या गावचा. पेशवाईतला. घरात पुराण सांगायचा व्यवसाय, पंढरपुरात जाऊन संस्कृत शिकलेला माणूस, आणि रमला कुठं, तर तमाशाच्या फडात. भावानं घराबाहेर काढलं, शास्त्री-पंडितांनी नाकं मुरडली. त्यानं काय केलं? सगळी विद्वत्ता लावणीत ओतली. मराठी, कानडी, हिंदी, संस्कृत चारी भाषा एका लावणीत घालून दाखवल्या. अवघड लिहून फड जिंकला. दोनशे वर्षं होऊन गेली तरी 'सुंदरा मनामधे भरली' म्हटलं की पुढचं आपोआप तोंडात येतं. तेव्हा कुठले व्ह्यूज होते?

आणि आपला तो पोरगा चार भाषांत रॅप करतो तर 'पब्लिकला कळणार नाही' म्हणे. ह्या गावात! अहो, ह्या गावातल्या पब्लिकला नाही कळणार तर कुठल्या कळणार?

बार्शीचे अमर शेख घ्या, माईक नसला तरी मैदान हलवणारा आवाज. वामनदादा कर्डक घ्या. सोलापूरच्या बुधवार पेठेत उभं राहून कुणालाही वामनदादांची ओळ विचारा, चहाचा कप खाली ठेवून सुरात म्हणून दाखवेल. त्या माणसाला पाठांतर कुणी करायला लावलं नव्हतं. मी भाच्याला हेच म्हटलं. कोण भारी ह्यावर रात्रभर भांडा, मला चालतंय, पण व्ह्यूज सांगू नका आणि डीपही सांगू नका. ओळ सांगा. एक. म्हणून दाखवा. आणि ती का भारी ते दोन वाक्यांत सांगा.

त्यावर आकडेवाल्या पोरानं, खरं सांगायचं तर, मला गार केलं. त्यानं रॅपर एमसी स्टॅनची दोन कडवी घडाघडा म्हणून दाखवली, श्वास कुठं घ्यायचा त्यासकट. अभ्यासू बघतच राहिला. स्टॅनचं मला सगळंच पटतं असं नाही, बायकांबद्दलच्या काही ओळी तर मुळीच नाहीत. आणि २०२३ ला तो बिग बॉस जिंकला तो मतांवर, कवितेवर नाही. पण पुण्याच्या ताडीवाला रोडचं पोरगं आपल्या वस्तीच्या बोलीला लाजत नाही, आणि ती बोली ह्या पोराला पाठ आहे, हे नाकारून कसं चालेल? त्याला ओळी आवडत होत्याच की. मग फोन कशाला वर केलास रे बाबा? तर म्हणाला, 'मावशी, वाद लवकर संपतो.'

ह्यावर काय बोलणार. भजी वाढली.

हनुमानकाइंड ह्या रॅपरचंही निघालं मग. २०२४ चं ते मौत का कुआँमध्ये शूट केलेलं गाणं. सगळं जग तोंडात बोट घालून बघत होतं आणि आम्ही सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर लहानपणापासून बघतोय, म्हणून पोरांना उगाच अभिमान. मी म्हटलं, व्हिडिओ बाजूला ठेवा, डोळे मिटून ऐका, त्याची इंग्रजी कुठं आपटते आणि कुठं सरकते ते ऐका. ऐकलं. अभ्यासूनं पहिल्यांदा 'डीप' न म्हणता ताल मांडीवर वाजवून दाखवला. मला बरं वाटलं, काय खोटं बोलू.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. पण त्या अध्यक्षांवरचा नाही उतरला, उतरणारही नाही. पब्लिकला काय पाहिजे हे तुम्ही त्याचा आवाज बंद करून ठरवलंत. पूर्ण ऐकवून मग लोक उठून गेले असते तर मी एक शब्द बोलले नसते. पडू द्यायचं होतं त्याला, स्वतःच्या ओळींवर पडू द्यायचं होतं. निम्म्यात तोडून पब्लिकचं नाव पुढं करायचं हा कुठला न्याय?

पोरगा आता एमआयडीसीत कामाला आहे. लिहितो अजून. लिंक मागू नका, त्यानं सांगितलंय, 'ताई, टाकू नका, तुमच्या ओळखीतले सगळे सर लोक आहेत.' मी म्हटलं, बरं.

त्या मंडळातले दोघं-तिघं माझ्या यादीत आहेत आणि ही पोस्ट वाचणार हे मला पक्कं माहीत आहे. तर ऐका. यंदा पाककलेनंतर त्याला पाच मिनिटं द्या. पेनड्राइव्ह आधी लावून बघा. आणि तो म्हणत असताना मिक्सरपाशी माझी खुर्ची टाका, ऑपरेटरच्या शेजारी. मी तिथंच बसणार आहे.