कोलोसस टॉमी फ्लॉवर्स यांचं

‘एनिग्मा फोडण्यासाठी ट्युरिंगने कोलोसस बांधलं’ हे लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडायला वापरलेलं कोलोसस हे इलेक्ट्रॉनिक यंत्र गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी नव्हे, तर टॉमी फ्लॉवर्स यांनी बांधलं. पूर्व लंडनमधल्या एका गवंड्याचा हा मुलगा, ब्रिटिश पोस्ट खात्यात इंजिनिअर. आणि ते एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्रासाठी नव्हतंच. जर्मन सेनापतींचे संदेश ज्यातून जात, त्या लॉरेन्झ या वेगळ्या सांकेतिक यंत्रासाठी होतं. दीड हजारांवर व्हॉल्व्ह (बल्बसारख्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) एकाच यंत्रात टिकायचे नाहीत, अशी शंका जाणकारच काढत होते. पण टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून फ्लॉवर्सना पक्कं ठाऊक होतं, की व्हॉल्व्ह सतत चालू ठेवले तर सहसा जात नाहीत. फेब्रुवारी १९४४ मध्ये यंत्र कामाला लागलं, सेकंदाला ५००० अक्षरं वाचत.

हे मला इतकं लागलं, कारण माझ्या नवऱ्याची आजी (ते कुटुंब इंग्रजच) ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या गुप्त संदेश फोडण्याच्या केंद्रात, नौदलाच्या महिला दलात होती. कोलोससवर संदेशांच्या कागदी फिती चढवायची, रात्रपाळीत. घरी मात्र वर्षानुवर्षं एवढंच सांगितलं, की ‘ऑफिसात होते’. आजोबा गेले तेही हे न कळताच. युद्धानंतर सगळं नष्ट करण्याचा आदेश आला तेव्हा फ्लॉवर्सनी स्वतःचे आराखडे भट्टीत जाळले. या कामाचे हातात पडले १००० पौंड. पुढे गुपित उघड झाल्यावर आजी ट्युरिंगबद्दल आदरानेच बोलायची, पण ‘आमचं यंत्र मिस्टर फ्लॉवर्सचं’ हे प्रत्येक वेळी ठासून सांगायची.