उधन्याला उतरणाऱ्या पोरांचे फोन उचला रे

आज दुपारी शेजारच्या पोराचा फोन आला, सुरतच्या उधना स्टेशनवरून. "काका, ते फोनच उचलत नाहीयेत." ते म्हणजे त्याचे नात्यातलेच, ज्यांनी आत्ता लग्नसराईत सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं होतं, ये बिनधास्त, सुरत आपलंच आहे. पोरगं आयटीआय झालेलं, पहिल्यांदाच खान्देशाबाहेर पडलेलं, भर उन्हात बॅग घेऊन उभं. डोकं फिरलं माझं. अजून फिरलेलंच आहे म्हणून लिहितोय.

मला माहितीय तिथे तसं उभं राहणं काय असतं. ९७ साली मी दोंडाईच्याहून पॅसेंजरने असाच गेलो होतो. सुरतेतल्या ९४ च्या प्लेगची भीती आईच्या डोक्यातून गेली नव्हती, तरी तिने पिशवीत कळण्याचं पीठ न् ठेचा भरून पाठवलं. नवापूरपर्यंत धीर होता, ते स्टेशन अर्धं आपल्यात अर्धं गुजरातमध्ये, त्याच्यापुढे पाट्या बदलत गेल्या, व्यारा, बारडोली, आणि उधन्याला उतरलो तर दुकानांवरचं धड वाचताही येईना. घ्यायला येणार होते ते मामा कुठेच नाहीत. एसटीडी बूथवरून फोन लावला, मामी म्हणाल्या ते बाहेरगावी गेलेत, आणि तेवढ्यात मागून मामांचा खोकला ऐकू आला. तो खोकला मी आजही ओळखेन.

संध्याकाळपर्यंत नळाजवळ बसून होतो. शेवटी विचारलं कोणी, तर ओडिशातल्या गंजामच्या एका लूम कामगाराने. मोडक्या हिंदीत चार वाक्यं बोललो असू, तो सरळ पांडेसराला खोलीवर घेऊन गेला. दिवसपाळीवाले रात्री झोपायचे, रातपाळीवाले दिवसा, गादी तीच. त्याने त्याच्या वाट्याच्या गादीवर मला कडेला घेतलं. पलीकडे लूम चालू, भिंतीला पाठ टेकली की पाठ थरथरायची, झोप कसली लागतेय. पण भीती गेली होती. मामांच्या घरी गेली असती का? नाही वाटत.

आणि शहर वाईट नव्हतं हो. प्लेगनंतर महापालिकेने सुरत धुऊन काढलं होतं, रात्री रस्ते झाडणारी माणसं मी तिथेच पहिल्यांदा पाहिली. मग एका सुट्टीला पुलावर गेलो, खाली तापी. आपल्या प्रकाश्याला, सारंगखेड्याला असते तीच, उकाईचं धरण ओलांडून आलेली. कठड्याला धरून खूप रडलो, पण ते रडणं बरं वाटणारं होतं. त्यानंतर लिंबायतच्या भाजीबाजारात एक म्हातारी म्हणाली, "कोठला शे रे तू?" आणि तिने पैसे न घेता कोथिंबीर पिशवीत टाकली. आपलीच माणसं ही पण, म्हणून तर मामांचा राग जास्त येतो.

उधना, लिंबायत, डिंडोली, आपल्या लोकांनी भरलेलं आहे सगळं. श्रावणात आपली खान्देशची देवी कानबाई बसते तिथे, केवढ्या थाटात, रोट काय, गाणी काय, स्टेटसला फोटोवर फोटो. आणि गावचं पोरगं स्टेशनवर उभं असलं की फोन सायलेंटवर? कानबाईला काय तोंड दाखवता रे?

मान्य आहे, दहा बाय दहाच्या खोलीत चार जण, पाण्याची मारामार, बारा तासांची पाळी, प्रत्येकाला कुठे ठेवणार. नका ठेवू. पण स्टेशनवर यायला खोली मोठी लागत नाही. येता येत नसेल तर तसं सांगा, पोरगं दुसरी सोय बघेल. बाहेरगावी आहे म्हणून बायकोला खोटं बोलायला लावू नका.

मामा आता नाहीत. शेवटच्या आजारपणात मीच रात्री बसायचो त्यांच्याजवळ, तोच खोकला ऐकत. कधी विषय काढला नाही मी, त्यांनीही नाही. काढायला हवा होता, निदान त्यांनी तरी.

असो. पोरगं आत्ता माझ्या जुन्या दोस्ताकडे पोचलंय, जेवलं, आईशी बोललं. आणि रविवारी आपल्याच गल्लीतली एक मुलगी नर्सिंगच्या नोकरीला निघालीय, रूम बघितलेली आहे, फक्त उधन्याहून डिंडोलीपर्यंत सोबत पाहिजे, एखादी ताई किंवा वहिनी असली तर फार बरं. येणार असाल तरच कमेंट करा. नुसते हात जोडलेले इमोजी टाकू नका.