शासनमान्य? कुठल्या शासनाने मान्य केलं, ते पत्र दाखवा!

डोकं भणभणतंय नुसतं. आज भाचीला घेऊन नौपाड्यातल्या त्या मसाज शिकवणाऱ्या क्लासमध्ये गेले होते. तिथून ठाणे स्टेशनपर्यंत चालत आले तरी हात थरथरायचे थांबले नव्हते.

भाची कळव्याला राहते. बचत गटातून कर्ज काढून तिने ४२,००० रुपये भरले, मसाज थेरपीच्या डिप्लोमासाठी. दारावर भलामोठा फ्लेक्स आणि त्यावर लाल अक्षरांत ‘शासनमान्य’. दोन महिन्यांनी सोनेरी किनारीचं, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन पोरगी वाशीला एका हॉटेलच्या स्पामध्ये मुलाखतीला गेली. तिथल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हे कुठल्या बोर्डाचं?" हिला उत्तर देता येईना. घरी आली ती रडतच. "मावशी, माझंच काहीतरी चुकलं असेल," म्हणाली. तुझं काय चुकलं गं बाळा?

आज क्लासच्या सरांना मी सरळ म्हटलं, मान्यतेचं पत्र दाखवा. पाच मिनिटं कपाटात खुडबुड केली आणि तीन कागद पुढे ठेवले.

पहिला कागद गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी. अहो, गुमास्ता आमच्या नाक्यावरच्या वडापाववाल्याकडेही आहे! दुसरा उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद. ती आधार नंबर टाकून कोणीही घरबसल्या, फुकट करतं. तिसरा आयएसओ ९००१. ते कार्यालयाच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, तेही खासगी संस्था देते. अभ्यासक्रमात काय शिकवता याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. या तिन्हीत शासनाने अभ्यासक्रम तपासला, शिकवणारे तपासले, परीक्षा घेतली असा एक तरी कागद आहे का? नाही! तरी सर मलाच समजावतात, "मॅडम, सरकारी नोंदणी आहे म्हणजे शासनमान्यच की." दुकानाची नोंदणी म्हणजे शिक्षणाला मान्यता? पाटी रंगवतानाच माहीत होतं यांना. तरी रंगवली.

खरी मान्यता कशी असते ते मी या आठवड्यात शोधून काढलं, कारण आम्हाला ते आधी कोणी सांगितलंच नाही. राज्यात कौशल्य, व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण मंडळ आहे. देशपातळीवर राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद आहे, २०१८ साली स्थापन झालेली. तिने मान्य केलेली संस्था परीक्षा घेते आणि सर्टिफिकेटवर त्या अभ्यासक्रमाचा कोड आणि स्तर येतो. स्पा थेरपिस्टचा असा अभ्यासक्रम आहेसुद्धा! आमच्या पोरीच्या कागदावर काय आहे? क्लासचा लोगो आणि सरांची सही. बास.

आणि सरकारला तरी काय म्हणू? फिजिओथेरपिस्टसाठी राज्याची परिषद आहे, नोंदणी आहे. मसाज करणाऱ्यासाठी स्वतंत्र परवानाच नाही, मग शिकवणाऱ्याला कोण विचारणार? तिकडे न्यूयॉर्क राज्यात परवान्यासाठी किमान १,००० तासांचं शिक्षण लागतं आणि ज्या शाळेत शिकलात तिचा अभ्यासक्रम राज्याच्या शिक्षण खात्याकडे नोंदवलेला असावा लागतो. टेक्सासमध्ये ५०० तास, आणि शाळेलाही राज्याचा परवाना लागतो. आमच्या भाचीचे तास मोजले: रोज दोन तास, सुट्ट्या वगळून चाळीस दिवस. ऐंशी तास! त्यातलेही कितीतरी मोबाईलवर व्हिडिओ बघण्यात गेले.

मी तिला विचारलं, एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर काय करायचं हे शिकवलं का? नाही म्हणाली. अरे देवा! आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्यावर ती सुटून फुफ्फुसात गेली तर समोरचा माणूस जागच्या जागी दगावू शकतो. गरोदर बाईला, कॅन्सरचे उपचार चालू असलेल्याला, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्याला हात लावण्याआधी काय विचारायचं, यावर अर्धा तासही नाही. उद्या कोणाला काही झालं तर पोलिस या पोरीला उचलतील. सर तेव्हाही म्हणतील, आम्ही फक्त शिकवलं.

आमच्या चाळीत बाळंतिणीला मालीश करायला एक आजी यायच्या. सासूच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकल्या होत्या. ताप असला की हात लावायच्या नाहीत, "आधी डॉक्टरला दाखव गं," म्हणायच्या. त्यांच्याकडे कसलीच पाटी नव्हती. आणि पाटीवाल्यांना एवढंही शिकवायचं सुचत नाही.

फी परत मागितली तर म्हणे पावतीवर ‘ना परतावा’ लिहिलंय. कच्ची पावती, तीही पेनने लिहिलेली! खोटं सांगून घेतलेले पैसे आहेत ते, परत द्यावेच लागतील. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे. फ्लेक्सचा, तिन्ही कागदांचा आणि पावतीचा फोटो काढून ठेवलाय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, तेव्हा तिथेही जाणार.

निघताना दोन पोरी जिना चढून वर येत होत्या, हातात ॲडमिशनचा फॉर्म. मी त्यांना तिथेच थांबवलं. सर वरून ओरडत होते, ओरडू देत. दोघींना खाली रस्त्यावर घेऊन आले आणि भाचीचं सर्टिफिकेट दाखवलं.