"साधी गाठ, मग एवढी घाई कशाला?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मेंदूतल्या कोलॉइड सिस्ट नावाच्या गाठीवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की कॅन्सर नसलेल्या दीड सेंटिमीटरच्या गाठीसाठी मी लोकांना उगाच घाबरवते. तुमच्या सासूबाईंच्या डोक्यात कितीतरी वर्षं मेनिंजिओमा आहे आणि त्या ठणठणीत आहेत.

सासूबाईंचं वाचून बरं वाटलं. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणात होतो, बहुतेकदा सावकाश वाढतो. लहान असेल, त्रास नसेल, तर अधूनमधून एमआरआय करून लक्ष ठेवतात, ते योग्यच. पण त्यावरून कोलॉइड सिस्टचा हिशेब मांडू नका. ती होते मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीच्या छताला, अगदी पुढे, जिथून दोन्ही बाजूंच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरतं. हे पाणी दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होतं आणि एका वेळी डोक्यात नि मणक्यात मिळून असतं जेमतेम १५० मिलिलिटर. वाट बंद झाली तरी ते तयार होतच राहतं. मोठ्या माणसाची कवटी काही फुगत नाही, दाबला जातो तो मेंदू. क्वचित काही तासांत माणूस बेशुद्ध होतो, दगावतोही.

लहान, योगायोगाने सापडलेली सिस्ट असेल आणि पोकळ्या फुगलेल्या नसतील, तर तिच्यावरही नुसतं लक्षच ठेवतात. माझ्या बहिणीला हीच सिस्ट होती, आणि तिच्या पोकळ्या फुगल्या होत्या. सकाळी उठताच डोकं ठणकायचं, चहाआधी बेसिनपाशी उलटी, आणि दहा वाजेपर्यंत बाई कामाला लागलेली. घरात सगळे म्हणायचे, पित्त आहे. चष्म्याचा नंबर तपासायला गेली, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळ्याच्या नसेवर सूज दिसली, म्हणजे डोक्यातला दाब वाढला होता. म्हणून मी लिहिते, आणि लिहीत राहणार.

साचलेलं पाणी वाहून नेणारी नळी, म्हणजे शंट, तिच्याबद्दल "नळी बसली की माणूस जन्मभराचा पेशंट," हे तुमचं म्हणणंही पटत नाही. गाठ काढल्यावर पुष्कळांची वाट मोकळी होते, नळी लागतच नाही. बहिणीला लागली नाही. ज्यांना शंट लागतो, त्यांची नळी कानामागून कातडीखालून पोटात जाते. ती तुंबू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे खरं. म्हणून पुन्हा डोकेदुखी, उलट्या, गुंगी आली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पण शंट असलेली माणसं नोकऱ्या करतात, संसार करतात.

सासूबाईंच्या पुढच्या एमआरआयनंतर गाठ वाढली का, एवढंच विचारून उठू नका. पोकळ्यांचा आकार पूर्वीइतकाच आहे ना, हेही विचारा.